डोकं दुखण्याआधी काय दिसतं?

सुरतच्या लिंबायतला आमच्या गल्लीत दुपारी टेम्पो येतो, साड्यांची गाठोडी उतरवतो आणि आधीच्या तयार साड्या घेऊन जातो. मग घरोघरी बायका मांडीवर साडी पसरून स्टोन लावायला बसतात. एका हातात गोंदाची नळी, दुसऱ्या हातात काडी, काडीच्या टोकाने उचललेला एकेक चमकता खडा. वर ट्यूबलाइट, खोलीभर गोंदाचा वास. शेजारच्या वहिनी नंदुरबारकडच्या, लग्न होऊन सुरतला आल्या तेव्हापासून हेच काम करतात. महिन्यातून दोन-तीनदा त्या साडी बाजूला सारतात, ओढणीने डोकं करकचून बांधतात आणि दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. उलटी झाली की जरा मोकळं वाटतं. विचारलं तर म्हणतात, "पित्त चढलंय."

एकदा मी विचारलं, "वहिनी, दुखायच्या आधी काही होतं का?"

त्या जरा थांबून म्हणाल्या, "आधी ना, स्टोन डोळ्यांत येतात. साडीवरची नजर काढली तरी चमकत राहतात, वाकडीतिकडी नक्षी होते. मग एका बाजूचं दिसतच नाही. पंधरा-वीस मिनिटं असं चालतं, ते गेलं की डोकं सुरू."

हे त्यांनी आजवर एकाही डॉक्टरला सांगितलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. डोकेदुखीसाठी त्यांना चष्मा मिळाला, आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या, सायनसचा एक्स-रे झाला. 'आधी काय दिसतं' हा प्रश्न मात्र राहून गेला. गेल्या वीस वर्षांत बायकांच्या अर्धशिशीचा आणि हृदयाचा संबंध तपासणारं जेवढं संशोधन झालं, त्याचा मोठा भाग याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

मराठीत अर्धशिशी, गुजरातीत आधाशीशी, हिंदीत आधासीसी. तिन्ही भाषांनी अर्ध्या डोक्याचं दुखणं म्हणून हा आजार ओळखला. आयुर्वेदात तो 'अर्धावभेदक' म्हणून येतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातला नववा अध्याय, 'त्रिमर्मीय सिद्धि', हा मस्तक, हृदय आणि बस्ती या तीन मर्मांविषयी आहे आणि अर्धावभेदकाचं वर्णन त्याच अध्यायात आहे. एकाच अध्यायात आले म्हणून दोन आजारांचा संबंध सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण तिथे दिलेल्या कारणांच्या यादीत मलमूत्राचे वेग अडवणं आहे, अतिश्रम आहे, कोरडं खाणं आहे. मार्केटमधल्या गाळ्यावर दिवसभर उभं राहणाऱ्या, संडासाची सोय नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुलींना मी ओळखते. ती यादी वाचताना त्यांची आठवण येते.

जगात एक अब्जाहून अधिक लोकांना हा आजार आहे आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. आपल्याकडची भरवशाची पाहणी कर्नाटकातली, 2015 साली प्रसिद्ध झालेली. बेंगळुरू आणि आसपासच्या गावांत घरोघर जाऊन केलेल्या त्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचं प्रमाण 25.2 टक्के निघालं. म्हणजे दर चार प्रौढांमागे एक. बायकांना हा त्रास होण्याची शक्यता पुरुषांहून दुप्पट दिसली आणि खेड्यांत तो शहराहून जास्त होता. खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने सुरतला आलेल्या, उधना, दिंडोली, पांडेसरा, नवागाममध्ये स्थिरावलेल्या आपल्या बायकांची वेगळी मोजदाद मी पाहिलेली नाही. पण आमच्या गल्लीत चार दारं ठोठावली तर एक घर सापडतंच.

बायकांनाच जास्त का? मुलगी वयात येईपर्यंत मुलगे आणि मुलींमध्ये फारसा फरक नसतो, पाळी सुरू झाली की तो पडतो. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि ती उतरणच डोकं उठवते. त्याच्या जोडीला उपास, जागरण, ऊन, उग्र वास. श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा आमच्याकडे रात्रभर जागरण होतं. सकाळी कानबाईला निरोप दिला की दोन-तीन बायका हमखास डोकं धरून बसलेल्या दिसतात. कानबाईच्या भक्तीत कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण उपाशीपोटी जागलेल्या बाईला पहाटे चहासोबत काहीतरी खायला द्या, हे मात्र सांगते.

आता त्या चमकणाऱ्या खड्यांकडे येऊ. डॉक्टर त्याला 'ऑरा' म्हणतात. अर्धशिशीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रुग्णांना तो होतो. बहुतेकांना तो डोळ्यांपुढे दिसतो: किल्ल्याच्या तटासारखी नागमोडी रेघ, तिच्या कडेला लखलखाट आणि आत आंधळा ठिपका. काहींना हातापासून ओठापर्यंत मुंग्या येतात, काहींना शब्द सापडत नाहीत. कार्ल लॅश्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1941 साली स्वतःचाच ऑरा कागदावर काढत त्याचा वेग मोजला आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकतंय, असा हिशेब मांडला. तीन वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्तिदिस लेआंव यांना प्राण्यांच्या मेंदूवर तशीच हळू पसरत जाणारी लाट सापडली: आधी पेशींची खळबळ, मागोमाग शांतता. ही लाट येते तेव्हा मेंदूतला रक्तप्रवाहही बदलतो. रक्तवाहिन्यांचा, म्हणजे पर्यायाने हृदयाचा विषय इथून सुरू होतो.

2006 साली अमेरिकेच्या 'विमेन्स हेल्थ स्टडी'तली आकडेवारी प्रसिद्ध झाली. आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या 27,840 बायकांवर सरासरी दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं. ऑरासह अर्धशिशीचा त्रास चालू असलेल्या बायकांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण अर्धशिशी नसलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघालं, रक्ताच्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचंही तसंच. ऑरा नसलेल्या अर्धशिशीत ही वाढ दिसली नाही. प्रश्न विचारायचा तो यासाठी.

दुप्पट हा शब्द ऐकून धडकी भरते, म्हणून त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही लगेच सांगायला हवा. ऑरा असलेल्या दहा हजार बायकांमागे वर्षाला सुमारे 18 जादा घटना, म्हणजे झटका, पक्षाघात किंवा अशा विकाराने मृत्यू. वर्तमानपत्रात दुप्पटचा मथळा होतो, अठरा कुणी छापत नाही. माझं मत असं, की बाईला दोन्ही आकडे एकाच दमात सांगावेत. एकच सांगितला तर ती एकतर घाबरेल नाहीतर दुर्लक्ष करेल.

पुढे 2016 मध्ये नर्सेस हेल्थ स्टडीचा दुसरा टप्पा आला: 25 ते 42 वयाच्या 1,15,541 परिचारिका, 1989 ते 2011 एवढा काळ. अर्धशिशीचं निदान झालेल्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे मोठे विकार दीडपट दिसले. त्या अभ्यासात ऑराची नोंदच नव्हती, ही त्याची मोठी उणीव. 2018 मध्ये डेन्मार्कमधून अर्धशिशीच्या 51,032 रुग्णांची आणि त्यांच्या दसपट इतर लोकांची तुलना आली. 19 वर्षांत दर हजारी 25 अर्धशिशीच्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका आला, इतरांमध्ये 17 जणांना. गुठळीमुळे पक्षाघात 45 विरुद्ध 25. पायात किंवा फुप्फुसात गुठळ्या होणं आणि हृदयाचे ठोके अनियमित पडणं हेसुद्धा थोडं जास्त. बायकांमध्ये आणि ऑरा असलेल्यांमध्ये हा संबंध अधिक ठळक होता. ब्रिटनमध्ये दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका काढायचं क्यूरिस्क नावाचं गणित डॉक्टर वापरतात. त्याच्या 2017 च्या तिसऱ्या आवृत्तीत रक्तदाब आणि मधुमेहाच्या रांगेत अर्धशिशीलाही जागा मिळाली.

या सगळ्या पाहण्यांतल्या बायका बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या, नियमित तपासणी होणाऱ्या. लिंबायतची बाई त्यांत नाही. दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतर देशांतल्यांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाच्या विश्लेषणातून दिसलं आहे: सरासरी वय 53, तर बाकीच्यांचं 58.8. आपल्या बायकांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण ते आपल्यापासून लांबचेही नाहीत.

संबंध दिसतो, पण दुवा कोणता? इथे संशोधकांच्या कल्पना अनेकदा फसल्या आहेत आणि एक फसगत फार शिकवणारी आहे. गर्भात असताना हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखं छिद्र असतं. जन्मानंतर ते मिटतं, पण चारातल्या एका माणसात नीट मिटत नाही. ऑरासह अर्धशिशी असलेल्यांमध्ये तर जवळपास निम्म्यांत ते उघडं सापडतं. पक्षाघातानंतर ज्यांचं छिद्र बंद केलं त्यांची डोकेदुखीही थांबली, असं काही डॉक्टरांनी पाहिलं आणि मोठी आशा निर्माण झाली. मग ब्रिटनमध्ये 'मिस्ट' नावाची चाचणी झाली, 2008 साली तिचा निकाल आला. निम्म्या रुग्णांचं छिद्र बंद केलं, उरलेल्यांना भूल देऊन जांघेत फक्त छेद दिला, कुणाचं काय झालं ते रुग्णांना माहीत नव्हतं. छिद्र बंद केलेल्या 74 जणांपैकी तिघांची अर्धशिशी पूर्ण थांबली. नुसता छेद दिलेल्या 73 जणांपैकीही तिघांची. पुढच्या दोन चाचण्यांनाही मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. त्यामुळे निव्वळ डोकेदुखीसाठी हृदयातलं छिद्र बंद करून घ्या असं कुणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये.

दुसरा दुवा जनुकांचा, आणि तो मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. सहाव्या गुणसूत्रावर 'फॅक्टर वन' नावाच्या जनुकात एक बारीकसा फरक असतो. त्याचं एक रूप असेल तर हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साचण्याचा धोका कमी, पण अर्धशिशीचा धोका जास्त. म्हणजे नेमकं उलट! 2020 मधल्या जनुकीय विश्लेषणानेही हेच सुचवलं, की अर्धशिशीचा वारसा माणसाला धमन्या तुंबण्याकडे ढकलत नाही, उलट किंचित वाचवतो. मग अर्धशिशी असलेल्या बायकांना झटके जास्त का येतात? एक उत्तर असं, की सगळे झटके चरबीच्या थरामुळे येत नाहीत. धमनीच्या भिंतीचा आतला पदर अचानक सुटून रक्ताची वाट अडते, असाही एक झटका असतो. तो येणाऱ्यांत दहापैकी नऊ बायका असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. त्यांत अर्धशिशीचा इतिहास असलेल्या पुष्कळ, आणि जनुकाचं तेच रूप तिथेही सापडतं. शिवाय धमनी आकसणं, हृदयातल्या केसासारख्या बारीक वाहिन्या नीट न फुलणं हेही आहेच. अशा बाईची अँजिओग्राफी 'नॉर्मल' येते आणि तिला सांगितलं जातं, "टेन्शन घेऊ नका, गॅस आहे." संशयाचा रोख आज रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडे आहे. डोक्यात आणि छातीत एकच अस्तर बिघडलेलं असावं, असं मानायला जागा आहे. पण हा निवाडा अजून पुरा झालेला नाही.

निवाडा व्हायची वाट न पाहता करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं पहिलं पाळणा लांबवण्याच्या गोळीचं. माला-एन, माला-डी या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. ऑरा असलेल्या बाईने, वय काहीही असो, अशी मिश्र गोळी घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट सांगतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. आपल्याकडे पर्याय आहेत: तांबी आहे, लखनौच्या संस्थेत शोधलेली आणि सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने मिळणारी बिनहॉर्मोनची गोळी आहे. पण गोळीचं पाकीट हातात देताना "डोकं दुखतं का, आधी चमकतं का" हे विचारणारी ताई भेटायला हवी. आशा कार्यकर्त्यांच्या वहीत हा एक प्रश्न वाढवला तर खर्च काही येत नाही.

दुसरं मशेरीचं. पाश्चात्त्य अभ्यासांत ऑरा, गोळी आणि सिगारेट या तिहीचा मेळ सर्वांत घातक म्हटलाय. ते वाचून आपल्याला वाटतं, आपल्या बायका कुठे सिगारेट ओढतात? पण 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 12.8 टक्के भारतीय बायका बिनधुराची तंबाखू वापरताना आढळल्या. खानदेशातून येताना मशेरीची डबी सोबत येते, इथे गुजरातेत दातांना तपकीर घासायची सवय जोडीला मिळते. कितीतरी जणी डोकं दुखतं म्हणूनच मशेरी लावतात. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, रक्तदाब चढवतं, मग ते धुरातून आलेलं असो की हिरडीतून.

तिसरं, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या. अर्गोटामाइन असलेली गोळी आमच्याकडे चिठ्ठीशिवाय सुटी मिळते. ती आणि ट्रिप्टान जातीची औषधं रक्तवाहिन्या आकसवतात, त्यामुळे हृदयविकार असलेल्या माणसाला ती चालत नाहीत. महिन्याला दहा दिवसांहून जास्त ती घेतली, किंवा साधी वेदनाशामकं पंधरा दिवसांहून जास्त, तर गोळीच डोकेदुखी बनून बसते. वहिनींच्या डब्यात अशा तीन प्रकारच्या गोळ्या निघाल्या. रोज गोळी घ्यायची वेळ आली असेल तर आजार आधीच आवरणाऱ्या औषधांचा विचार व्हायला हवा. त्यांतलं एक जुनं, स्वस्त औषध म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. ते मुळात हृदयाचं. 1966 साली छातीत कळ येणाऱ्या रुग्णांवर ते वापरताना एकाची अर्धशिशी कमी झाली आणि तो उपयोग ध्यानात आला. दमा असेल तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरला विचारूनच घ्यावं.

ऑरा आणि पक्षाघात यांतला फरकही घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. ऑरा हळूहळू पसरतो, बहुधा तासाभरात ओसरतो, त्यात चमक आणि मुंग्या असतात. पक्षाघात एकदम येतो आणि काहीतरी हिरावून नेतो: तोंड वाकडं होतं, हात खाली पडतो, जीभ जड होते. तेव्हा बाम चोळत बसू नये, 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. बायकांच्या हृदयाच्या झटक्यात छातीत कळ येतेच, पण कधी दम, घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, न संपणारा थकवा हेच पुढे असतं. वर्षानुवर्षं 'पित्त' म्हणायची सवय लागलेल्या बाईची मळमळ तिच्या स्वतःच्याच कानाला नवी वाटत नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी एका गोष्टीची वाटते. पाळी गेली की पुष्कळ जणींची अर्धशिशी निवते. घरात आनंद होतो, औषधं सुटतात, दवाखाना सुटतो. आणि बाईच्या हृदयाचा धोका वाढायला लागतो तो याच वयात. पन्नाशीनंतर ती कधी छातीत दडपण वाटतं म्हणून गेलीच, तर तरुणपणी डोळ्यांपुढे काय चमकायचं ते तिला आठवत नाही आणि कुणी विचारतही नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, हेही असंच विसरलं जातं. अर्धशिशी असलेल्यांना तो त्रास जास्त होतो आणि पुढे हृदयालाही तो महागात पडतो.

गेल्या महिन्यात वहिनींना घेऊन मी पालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तिथे फुकट तपासतात, गर्दी असते एवढंच. केस पेपर काढला, नंबर आला. रक्तदाब 148/94 निघाला. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजला तर 146/92. डॉक्टरबाई तरुण होत्या, गुजरातीत बोलत होत्या. वहिनींना गुजराती येतं, पण डोळ्यांतल्या खड्यांसाठी गुजराती शब्द सापडेना. शेवटी त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक नागमोडी रेघ काढली, कडेला टिंबं टिंबं दिली. डॉक्टरबाईंनी ती निरखून पाहिली, कागद पालटला आणि रक्तदाबाच्या आकड्याखाली एक ओळ लिहिली: आधाशीशी, ऑरा साथे.